दिल्लीचा देव मिश्री लावतो!

आधी हातातला कप खाली ठेवा. हसताना चहा नाकात जातो, आणि मग माझ्या नावानं बोंब!

हं, ठेवलात? आता ऐका. माझी अब्रू कशी गेली त्याची गोष्ट आहे. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगते, म्हणजे निदान मीठमसाला तरी माझ्या हातचा.

माझं नाक बघा. दिसायला बटाटा आहे, मला ठाऊक आहे. पण देवानं दिसण्यात जे कमी केलं, ते हुंगण्यात भरून दिलं. साताऱ्याकडे आमच्या गावात मी नुसती गल्लीतून चालत गेले तरी सांगायचे, कुणाकडे भाजणी भाजतायत, कुणाच्या लोणच्याला बुरा आलाय, आणि कुणाचा नवरा ‘मित्राकडे बसलो होतो’ म्हणतो तो खरा कुठे बसला होता. शाळा चौथीपर्यंत. गणितात नापास, वासात पहिली!

आणि अंगात किडे तर विचारू नका. भावाच्या लग्नात व्याह्यांच्या अत्तराच्या फायाला मी गुपचूप हिंगाचं पाणी लावलं होतं. बिचारे कानात फाया खोचून दिवसभर मांडवात मिरवले, आणि जो तो विचारतोय, “आमटीची पंगत कधी बसणार?”

तर अशी मी. आणि अशा माझं नाक कापलं गेलं ते कशानं? वासानंच!

आता एक गोष्ट कबूल करते. आता काय लपवायचं, ऐंशीच्या वर गेले. मला मिश्रीचं व्यसन होतं. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, कुटायचं, फडक्यातून वस्त्रगाळ करायचं, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटानं दातांना लावत बसायचं. आमच्याकडे बायकांच्या कनवटीला मिश्रीची डबी असायचीच. आई लावायची, सासू लावायची, मीही लावायला लागले. मिश्री लावल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखीच वाटायची नाही.

पण मिश्रीची एक खोड आहे. ती गुपचूप लावता येते. गुपचूप भाजता येत नाही! पान तव्यावर पडलं की असा वास सुटतो, असा वास सुटतो, की घरातली माणसं खोकत बाहेर आणि बाहेरची माणसं ‘काय जळलं’ म्हणत आत.

त्या वेळी माझा धाकटा, सुरेश, दिल्लीला कुठल्याशा भवनात नोकरीला होता. इथली सगळी ऑफिसं म्हणजे भवनं, मला कधी नाव पाठ झालं नाही. लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं, खालच्या मजल्याचं, मागे छोटंसं अंगण. नवं लग्न. सून नंदा शाळेत शिकवायची. तुम्ही आज मेट्रोनं येता-जाता ना, तेव्हा मेट्रो कुठली! हे मयूर विहार वगैरे आमच्या कानावरही नव्हतं.

मी गेले, आठ दिवसांत पहिली मिश्री भाजली, आणि सुरेश ऑफिसातून आला तो दारातच नाकाला रुमाल लावून उभा.

“आई, हा काय प्रकार आहे?”

“कुठे काय?”

“अगं, गेटपर्यंत वास येतोय! हे सरकारी क्वार्टर आहे, आपलं परडं नाही. डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय? बिल्कुल बंद! परत हा वास या घरात आला ना, तर थेट गाडीत बसवून दादाकडे पोचवीन. आणि परत आणायचा नाही!”

माझा मुलगा बापावर गेलाय. बोलतो कमी, पण बोलला की करतो.

आता तुम्ही म्हणाल, जायचं की मग गावाला! बाई गं, दादाकडे म्हणजे थोरल्याकडे घर भरलेलं, पण दिवसभर सगळी रानात. मी आणि म्हैस. म्हशीची किती चेष्टा करणार? आणि इथे? इथे माणसंच माणसं! भाजीवाला, दूधवाला, मद्रासी, बंगाली, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे भल्लांची सून. मला हिंदी धड येत नव्हती, पण बोलायला कोण कमी! नवरा वारल्यानंतर दोन वर्षांत पहिल्यांदा मी दिल्लीत पोट धरून हसले होते. मला जायचं नव्हतं हो. अजिबात नव्हतं.

आणि मिश्रीही सोडायची नव्हती! मग?

मग डोकं चालवलं. कँटोनमेंटात आमच्याच गावची एक फौजीची बायको राहायची, ती महिन्याला तंबाखूची पुडी आणून द्यायची. सुरेश भवनात, नंदा शाळेत, की मी अंगणात शेगडी काढून भाजायची. डबी पिठाच्या पिंपामागे. आणि वास मारायला काय करायची? घरात येऊन हिंग-मोहरीची फोडणी जाळायची! मुद्दाम, काळीकुट्ट! त्यावर ऊद.

नंदा आली की नाक मुरडायची, “आई, आज परत फोडणी करपली?”

“हो गं, वय झालं. हात राहत नाही.”

बघा! पंचक्रोशीत माझ्या आमटीचं नाव होतं, आणि मिश्रीपायी मी ते फोडणीत जाळलं. सुरेश एकदा मला ऐकू जाईल असंच नंदाला म्हणाला, “आईला स्वयंपाक नको सांगत जाऊस, तिला जमत नाही आता.” तोंडात मिश्री होती म्हणून गप्प बसले, नाहीतर दाखवलं असतं.

असे चार-पाच महिने निभावले. आणि मग आली ती एकादशी.

एप्रिल संपत आलेला. दिल्लीचा उन्हाळा म्हणजे चुलीत डोकं घातल्यासारखा. नंदा चारनंतर येणार, सुरेश साडेपाचला. दुपारी एकच्या सुमारास मी अंगणात बसून आठवड्याची मिश्री भाजत होते. पान छान काळं होत आलेलं. तेवढ्यात भिंतीवरून भल्लीण भाभी डोकावली. वय तिशीचं, गोरी गोल, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

“मांजी! कुछ जल रहा है क्या?”

खोटं काय बोलायचं ते हिंदीत सुचेना. हिंदीत मला खरंच तेवढं यायचं. मी म्हटलं, “कुछ जलता नहीं. हम मिश्री भूंजता है.”

“मिश्री?” ती हसायला लागली. “मिश्री भी कोई भूनता है?”

“तो? कच्चा कैसे लेगा? हम रोज लेता है. उसके बगैर हमको चैन नहीं पडता.”

“अच्छा जी! रोज़!” भाभीनं कौतुकानं मान हलवली. “इस उमर में भी इतना शौक! मांजी, फिर तो आपने मुझे बचा लिया. आज मेरे यहाँ कीर्तन है ना, और मिश्री ख़त्म. बाज़ार जाने का टाइम नहीं. एक कटोरी दे दोगे?”

“आपको मंगता?” मी डोळे वटारले. एवढी सोज्वळ बाई! दात तर मोत्यासारखे!

“मुझे नहीं जी, लड्डू गोपाल को! भोग लगाना है. माखन-मिश्री.”

ऐकलंत? माझ्या हातातला सांडसा तव्यात पडला.

“देव को? मिश्री?”

“और क्या! गोपालजी को तो मिश्री के बगैर भोग ही नहीं लगता. बचपन से यही खाते आए हैं.”

लहानपणापासून!

आत्ता गं बया! मी कपाळाला हात लावला. आमच्या मारुतीला तेल, खंडोबाला भंडारा, हे मला माहीत. पण देवाला मिश्री? रांगत्या बाळकृष्णाला? यशोदाबाई काय करत होत्या?

पण म्हटलं, थांब. हे दिल्ली आहे. सुरेशनंच मला पुराना किल्ल्याजवळच्या भैरोबाला नेलं होतं. तिथे देवाला बाटली चढते! दारूची! मी ह्या डोळ्यांनी बघितलंय आणि ह्या नाकानं हुंगलंय. मग एक देव घोट घेत असेल, तर दुसऱ्यानं दात घासले म्हणून काय बिघडलं? आणि लोण्यात का? तेही मीच माझं उलगडलं. लहान बाळ ते, हिरड्या कोवळ्या. नुसती लावली तर झोंबेल!

आणि मग मला असा राग आला सुरेशचा, असा राग आला! इकडे साक्षात देव उघड-उघड मिश्री लावतोय, आणि माझा लेक मला म्हणतो गाडीत बसवीन! कोण समजतोस रे तू स्वतःला? देवापेक्षा तुझं भवन मोठं?

मी एक कटोरीच काय, आठवड्याची सगळी मिश्री कुटली, दोनदा चाळली, मैद्यासारखी केली. देवाचं काम! चिमूटभर तेवढी माझ्या डबीत ठेवली. बाकी स्टीलच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून भिंतीवरून पुढे केली.

भाभीचे हात पिठात. ती आत ओरडली, “बीजी! मांजी से मिश्री ले लो, और माखन में मिला दो!”

बीजी म्हणजे तिची सासू. माझ्याच वयाची, दुपारची माझी गप्पांची सोबतीण. डोळ्यांत मोतीबिंदू आणि नाक बारा महिने चोंदलेलं. देवानं नेमकी हीच बाई त्या डब्याशी कशी धाडली, ते त्याचं त्यालाच ठाऊक! बीजीनं झाकण उघडलं, डोळ्याजवळ नेलं.

“हाय, कितनी बारीक पीसी है भैणजी ने! काली मिर्च भी डाली लगती है.”

“सब अपने हाथ का,” मी म्हटलं. छाती अशी फुगलेली.

तीनला मी चांगलं लुगडं नेसून कीर्तनाला गेले. पंधरा-वीस बायका, ढोलकी, टाळ्या, मध्ये पाळण्यात लड्डू गोपाल. इवलासा, मुकुट घातलेला. मी त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते. म्हटलं, चोरा, तू पण?

आता भाभीचा कूलर होता मागच्या खिडकीत. म्हणजे कुठे? आमच्या अंगणाच्या भिंतीला लागून! आणि माझी शेगडी कुठे? त्या भिंतीच्या अलीकडे! देवाच्या गडबडीत मी विझवायची विसरले होते, आणि तव्यावर उरलेली देठं-शिरा तशाच धुमसत होत्या.

भाभीनं कूलरचं बटण दाबलं.

दिल्लीच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या असतात. पहिला झोत आला तो वाळ्याचा, थंड, गोड. बायका म्हणाल्या, “आहा!” दुसरा झोत आला तो माझ्या शेगडीचा. बायका म्हणाल्या, “आक् छीं!”

“कोई तार जल गई!”

“मीटर देखो, मीटर!”

“ना जी, रबड़ है, टायर जला रहा है कोई!”

“मुझे तो मरा चूहा लगता है कूलर में!”

जी ती वास हुंगून आपापला शोध लावतोय. एकीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. कूलर बंद, पंखा बंद, बायका पदरानं वारा घेतायत, ढोलकीवाली खोकतेय. आणि मी? मी पुढे मांडी घालून बसलेली. कुणीतरी माझ्या मिश्रीला मेला उंदीर म्हणतंय, हे मला सोसेना.

मी ताठ बसून सांगितलं, “कोई तार नहीं, कोई चूहा नहीं. ये भोग का बास है!”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. भाभी घाईनं म्हणाली, “मांजी मज़ाक करती हैं जी, बड़ी हँसमुख हैं,” आणि आरती सुरू केली. बघा, बाईनं मला सांभाळून घेतलं. आणि मी तिचं काय केलं?

आरती झाली. चांदीच्या वाटीतलं लोणी गोपाळाच्या ओठाला लावलं. पांढरंशुभ्र लोणी, त्यात माझी मिश्री. राखाडी झालं होतं, पण वरून तुळस-बिळस घालून सजवलेलं. मग भाभी चमच्यानं एकेकीच्या तळहातावर प्रसाद वाढत निघाली.

मी वाट बघत होते, की आता बायका बोट घालतील आणि दातांना लावत बसतील. चांगली गोल मांडी घालून, गप्पा मारत, आमच्याकडे लावतात तशी. मी तर मनात म्हणत होते, दिल्लीत इतके महिने काढले आणि अशी बैठक असते हे मला कुणी सांगितलं नाही!

पण कसलं काय! पहिल्या बाईनं तळहात कपाळाला लावला, डोळे मिटले, आणि सगळा गोळा तोंडात टाकला.

अख्खा!

दुसरीनं टाकला. तिसरीनं टाकला.

अहो, मिश्री गिळतात का कुणी? आमच्याकडे पोर चुकून गिळलं तर घेरी येऊन पडतं! मी दोन्ही हात वर करून उभी राहिले, आणि आवाज असा लागला की ढोलकी आपोआप वाजली असेल.

“थूको! थूको सब! मत निगलो! प्रसाद थूको!”



तुम्हीच सांगा, भरल्या कीर्तनात, देवासमोर, एक पाहुणी बाई उठून ओरडते, प्रसाद थुंका! भाभीचा चमचा हातातच राहिला. एक म्हातारी कानाला हात लावून म्हणाली, “हे राम! ये क्या बोल दिया!”

पण पुढच्या क्षणाला मला कुणाला काही समजवावं लागलं नाही. मिश्रीनंच समजावलं. पहिलीचे डोळे मोठे झाले. मग तिचं तोंड असं झालं, असं... थांबा, करूनच दाखवते. हां, असं! आणि ती उठून जी पळाली अंगणात, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. थू! थू! थू! नळावर रांग लागली. बरं, एकीच्याही घशाखाली गेलं नाही. देवाचीच कृपा.

एकटी बीजी जागेवर बसून होती. तिनं गोळा तोंडात टाकलाच नव्हता. दात दुखत होता ना बिचारीचा, म्हणून बोटानं हळूच हिरडीला लावत होती. डोळे मिटलेले. चेहरा समाधीचा.

“हाय ओ रब्बा,” बीजी पुटपुटली, “दाँत में ठंड पड़ गई.”

भाभी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

“मांजी, ये आपने क्या दे दिया?”

“मिश्री! तूने मिश्री मंगा, हमने मिश्री दिया!”

“ये मिश्री है? ये?” तिनं वाटी माझ्या नाकाखाली धरली. मग कोपऱ्यातल्या एका बाईनं आपल्या पूजेच्या पिशवीतून पुडी काढली आणि माझ्या हातावर चार पांढरे खडे ठेवले. “मिश्री ये होती है जी.”

मी खडे बघितले. उलटे-सुलटे केले.

“अगं बाई,” मी म्हटलं, “ही तर खडीसाखर!”

काय सांगू! पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती सरकली आणि मला घेऊनही गेली. माझ्या डोक्यात सगळं उलटं फिरलं. ‘इतना शौक’... ‘बचपन से खाते आए हैं’... आणि तो पाळण्यातला इवलासा देव, ओठाला तंबाखू लावलेला! आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण देवाची काढायची नव्हती हो मला.

सगळं घर गंगाजलानं धुतलं भाभीनं. गोपाळाला तीनदा आंघोळ. मी घरी येऊन कोपऱ्यात बसले.

सुरेशला मी सांगायचं ठरवत होते, पण कॉलनी माझ्यापेक्षा चपळ. त्याला स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच गेटवर सगळं समजलं होतं. आत आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“आई, सामान बांध. उद्या रिझर्वेशन बघतो.”

“अरे, पण मला काय माहीत—”

“तू चार महिने मला फसवत होतीस. ती करपलेली फोडणी! मी लोकांना सांगत होतो, माझी आई थकली.”

तो आत गेला. नंदानं कपाटावरून माझी ट्रंक काढून दिली आणि माझ्याकडे न बघता पुसायला लागली. त्या ट्रंकेतून डांबरगोळ्यांचा वास आला. गावाहून निघताना मीच टाकलेल्या. त्या वासानं मला अंगण दिसलं, म्हैस दिसली, आणि दिवसभराची ती गप्प दुपार दिसली. मी रडले. खोटं नाही सांगत, पदर तोंडात घालून रडले.

इतक्यात दार वाजलं. बघते तर बीजी! काठी टेकत, आणि मागे भाभी. भाभीचं तोंड अजून फुगलेलं, पण बीजीनं तिला हाताला धरून आणलेलं.

“ओ पुत्तर,” बीजी सुरेशला म्हणाली, “भैणजी को मत भेज. ये चली गई तो दुपहर को मुझसे बात कौन करेगा? तेरी बीवी स्कूल, मेरी बहू काम में. गलती बोली की है, नीयत की नहीं.”

“बीजी, ये तंबाकू छोड़ेगी नहीं,” सुरेश म्हणाला.

“छोड़ेगी. गोपालजी के सामने कसम खिला दे. चल भैणजी, उठ.”

मला भिंतीपलीकडे नेलं. गोपाळ धुऊनपुसून लख्ख, हसतोय. सुरेश, नंदा, भाभी, बीजी चारी बाजूंनी उभे. जणू काही कोर्टच.

भाभी म्हणाली, “मांजी, हाथ जोड़ के बोलो, आज से मिश्री नहीं छुऊँगी.”

आता इथे माझ्या अंगातला किडा जागा झाला. काय करू, स्वभाव! शपथ हिंदीत घ्यायची होती ना? मग हिंदीत मिश्री म्हणजे काय? आत्ताच तर शिकवलं होतं मला! खडीसाखर! सोडली! आजन्म सोडली! तशीही माझ्या दातांना चालत नव्हती.

मी डोळे मिटले, आवाज जाड केला, आणि म्हटलं, “हे गोपालजी, आज से हम मिश्री को हाथ नहीं लगाएगा!”

बीजीनं मला मिठी मारली. भाभी हसली. सुरेशनं तिकिटाच्या पैशांसाठी पाकिटात हात घातला होता तो काढून घेतला. सगळ्यांचे डोळे ओले. फक्त नंदा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मास्तरीण ती. कॉपी करणारी पोरं ओळखायची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेश आंघोळीला गेला. मी स्वयंपाकघरात शिरले. पिठाच्या पिंपामागे हात घातला, डबी तिथेच! अंधारातच उघडली, पदराआड धरली, बोट घातलं, आणि न बघता दातांना—

गोड!

गोऽऽड! मी परत बोट घातलं. परत गोड! डबी उजेडात धरली. वस्त्रगाळ केलेली पांढरीशुभ्र खडीसाखर!

गल्लीच्या टोकावरून लोकांचे नवरे ओळखणारं माझं नाक! वीतभर अंतरावर डबीत काय आहे, ते त्याला समजलं नाही. साखरेला वास नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

“काय झालं, आई?”

वळून बघते तर नंदा, दाराला टेकून, हाताची घडी घालून. आणि मागच्या दारातून दिसतं तर भिंतीपलीकडे बीजी उभी, कान आमच्याकडे.

“मिश्रीच आहे ना ती?” नंदानं विचारलं, अगदी मऊ आवाजात. “आणि काल देवासमोर तुम्ही मिश्री सोडलीत. मग आता सांगा आई, कोणती सोडलीत? ही की ती?”

बघा कशी पकडली! ‘ही’ म्हणावं, तर खडीसाखर आत्ताच तोंडात, म्हणजे रात्र उलटताच देवाची शपथ मोडली. ‘ती’ म्हणावं, तर तंबाखू गेली, आणि शपथ जन्मभर पाळायला हवी. आतमध्ये सुरेशनं आंघोळीचा तांब्या खाली ठेवला. तोही ऐकतोय! बाहेरच्या खोलीत माझी ट्रंक, अजून कपाटावर परत गेली नव्हती.



“ती गं, नंदाबाई,” मी म्हटलं, “तीच सोडली. तुझी शप्पथ.”

आता असं कसं बोललात, म्हणून विचारू नका. तोंडात खडीसाखर विरघळत होती हो! गोड बोलण्यावाचून इलाज होता का?